तुमच्या शब्दांत सांगा

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते आपलं आहे हे आधी कळतच नाही. त्याचंही तसंच झालं. प्रमुख बाईंच्या खोलीत खिडकी बंद होती, पंखा अगदी हळू फिरत होता, टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून एका बाईचा दमलेला आवाज येत होता आणि तो सवयीने त्या आवाजाकडे कान देऊन बसला होता. धाप नाही, रडणं नाही, मागे कुठेतरी टीव्ही चालू. मग फोन घेणारीचा आवाज आला, "घाई नाही. तुमच्या शब्दांत सांगा." 'नाही'नंतर एक बारीकसा थांबा होता. चांगली बोलली, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं की हे वाक्य आपलं आहे, तो थांबासुद्धा आपला आहे. आणि घाई होती.

तो तातडीच्या फोनांच्या केंद्रात शिकवायचा. शहरात कुणी जिन्यावरून पडलं, कुणाच्या छातीत कळ आली, कुणाच्या मुलाने काही गिळलं, की फोन इथे येतो आणि इथून गाडी निघते. पूर्वी तो स्वतःच फोन घ्यायचा. बरीच वर्षं त्याने कानाला हेडफोन लावून, समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत, न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात घालवली होती. मग ते यंत्र आलं. ते प्रत्येक फोन माणसाच्या बरोबरीने ऐकायचं आणि आपलं मत स्क्रीनवर मांडायचं : काय झालं असावं, खात्री किती, गाडी लगेच पाठवायची की मागाहून. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. फोन घेणारे त्याला जावई म्हणत. जावयाचं म्हणणं मोडायला तशी बंदी नव्हती, शेवटचा निर्णय माणसाचाच होता. पण मोडलं की चार माणसांना कारण सांगत बसावं लागे. त्यामुळे हळूहळू कुणी मोडेनासं झालं. नवी मुलं तर फोनवरच्या माणसाचं ऐकणंच सोडून स्क्रीन वाचू लागली. समोरून आई मुलाचं वर्णन करतेय आणि हे वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न वाचून दाखवतायत. तेव्हा प्रमुख बाईंनी त्याला खोलीत बोलावून सांगितलं होतं की सर, यांना जरा विचार करायला शिकवा. माणसासारखं बोलायला शिकवा. यंत्र त्याचं काम करील, आपण आपलं सोडायला नको.

त्याला ते काम आवडलं, हे त्याने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. वेळापत्रकात त्या तासाला 'विवेक आणि संवाद' असं नाव होतं. मुलं म्हणत, जावयाशी भांडायचा तास. पहिल्याच दिवशी तो त्यांना नळाची गोष्ट सांगे. एका माणसाचा फोन आला होता; बायकोला चक्कर आली होती, आता बरी आहे, गाडीची गरज नाही, असं तो अगदी शांतपणे सांगत होता. सगळं ठीक होतं, फक्त मागे नळ वाहत होता आणि तो कुणी बंद करत नव्हतं. तेव्हा याने विचारलं, तो नळ जरा बंद करता का? मग तो माणूस म्हणाला, हात भाजलाय हो माझा, पाण्याखाली धरलाय. इथे तो थांबत असे. वर्गात कुणीतरी श्वास सोडत असे. ही गोष्ट खरीच होती, पण सांगून सांगून ती गोल झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी. आताशा ती सांगताना त्याला तो नळ ऐकू यायचा नाही, स्वतःचा आवाज ऐकू यायचा.

स्पीकरमधली बाई सांगत होती की नवरा बाहेरच्या खोलीत खाली बसलाय, उठत नाहीये, बोलतोय ते कळत नाहीये. पितो का, या प्रश्नावर ती थोडी हसली. रोजच पितो म्हणाली. मागून त्या माणसाचा आवाज येत होता, जड, ओघळलेला, मधूनच हसल्यासारखा. यंत्राने तेवढ्यावरून स्क्रीनवर लिहिलं होतं : पक्षाघाताची शक्यता, गाडी लगेच. फोन घेणारीने ते वाचलं होतं, बाजूला सारलं होतं आणि कारण नोंदवलं होतं, घरच्यांच्या सांगण्यानुसार मद्यपान. त्याला कुशीवर झोपवा, लक्ष ठेवा, गाडी येईल पण थोडा वेळ लागेल. तिने बाईला धीरही दिला होता. गाडी पोचली तेव्हा उशीर झाला होता. तो माणूस जगला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्या दिवशी तो दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता, असं नंतर तपासणीत निघालं.

"सर, मला एकच कळायला हवं," प्रमुख बाई म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या. चष्मा काढून त्याच्या काड्या मिटत, उघडत बोलत होत्या. "शिकवलेलं चुकलं, की शिकणारी चुकली?"

शिकणारी म्हणजे थोरली. तुकडीतल्या बाकीच्यांपेक्षा वयाने मोठी म्हणून मुलांनी तिला हे नाव ठेवलं होतं, आणि तिने ते मोठ्या मनाने लावून घेतलं होतं. आधी कापडाच्या दुकानात उभं राहून काम केलेली, दोन मुलांची आई, पहिल्या बाकावर बसून सगळं जीव लावून ऐकणारी. अजून शिकाऊच असल्यामुळे तिला एका सहीत घरी पाठवता आलं असतं. प्रमुख बाईंचं म्हणणं सरळ होतं. शिकणारी चुकली असेल तर तिला जावं लागेल. शिकवलेलं चुकलं असेल तर तो तास बंद होईल आणि यापुढे स्क्रीनवर लिहिलंय तेच करायचं. त्यांना आठवड्याच्या शेवटापर्यंत त्याचं मत हवं होतं. त्याने मान डोलावली आणि ते ध्वनिमुद्रण ऐकायला मागितलं. बाहेर पडताना त्याच्या मनात आलं ते एवढंच की थोरलीने तो थांबा अगदी बरोबर जागी घेतला होता. त्याची त्याला किळस आली, पण तीही जराशी उशिराच.

रिकाम्या वर्गात खुर्च्या बाकांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. एक उतरवून तो बसला आणि फोन पुन्हा ऐकू लागला. पहिल्यांदा ऐकताना त्याने थोरलीची बाजू घेतली. दारूच. कुणालाही दारूच वाटली असती. त्या बाईच्या हसण्यात इतकी वर्षं साचलेली होती की डॉक्टर समोर असता तरी फसला असता. दुसऱ्यांदा ऐकताना त्याने यंत्राची बाजू घेऊन पाहिली. यंत्राला फक्त तो ओघळलेला आवाज ऐकू आला होता, बाईचं हसणं त्याच्या लेखी नव्हतंच, आणि नव्हतं म्हणूनच ते फसलं नाही. या विचाराने तो अस्वस्थ झाला. वर्गात तो नेमकं उलटं सांगत आला होता : यंत्राला शब्द कळतात, त्यामागचं माणूस कळत नाही. इथे थोरलीला माणूस कळलं होतं, पुरेपूर कळलं होतं, आणि तिथेच घात झाला होता. मग त्याने पुन्हा एकदा लावलं, डोळे मिटून. बाई म्हणत होती, रोजचंच आहे हो, तुम्हाला काय सांगू, आणि तिच्या पुढच्या वाक्यावरच थोरलीचा आवाज चढत होता, मऊ, खरा, "मी समजू शकते ताई." त्या मऊ आवाजाच्या खाली काहीतरी होतं. त्याने मागे घेतलं, आवाज वाढवला, स्पीकरला कान लावला. बाई म्हणत होती, आज तर कपही धरता येईना त्यांना. एवढंच. कपही धरता येईना. थोरली त्या वेळी समजून घेत होती.

मी समजू शकते, हे वाक्यसुद्धा त्यानेच शिकवलेलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आक्का स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाजी निवडत बसली होती. आक्का त्याची मोठी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती त्याच्याकडेच राहत होती, आणि दोघांचं बरं चाललं होतं, म्हणजे फारसं बोलावं लागत नव्हतं. तो हात धूत असताना ती म्हणाली, अरे, मी काय म्हणत होते. तो टॉवेल शोधत म्हणाला की खांदा ना, शेकायची पिशवी कपाटात वरच्या फळीवर आहे, काढून देतो. पिशवी काढून टेबलावर ठेवल्यावर तिने ती हाताने बाजूला सरकवली.

"खांदा नाही. मी लेकीकडे राहायला जातेय, पुढच्या महिन्यात. केव्हापासून सांगायचं म्हणतेय, तू सांगूच देत नाहीस."

तिच्या जाण्याचं कारण आपणच असणार, असं त्याच्या लगेच मनात आलं, आणि तो तसं बोलूही लागला, की माझ्यामुळे तुला... ती हसली. भाजीचे देठ एकीकडे करत, अजिबात न रागावता ती म्हणाली, "बघ. तू ऐकत नाहीस रे, तू ओळखतोस. मी तोंड उघडायच्या आत तुझं ओळखून झालेलं असतं. लेकीला दुसरं मूल होणार आहे, म्हणून जातेय. तुझा काही संबंध नाही."

तो खुर्ची ओढून बसला. ओळखणं. वडील घरी यायचे तेव्हा ते किल्ल्या कशा ठेवतात यावरून ओळखायचं असे. किल्ल्या अलगद ठेवल्या तर ठीक, आदळल्या तर दोघांनी आतल्या खोलीत जायचं, आणि दाराशी कुलूप उघडायलाच वेळ लागला तर थेट पलंगाखाली. त्याला ऐकायला कुणी शिकवलं नव्हतं, भीतीने शिकवलं होतं. आणि पुढे त्याच कानावर त्याने नोकरी केली, नाव कमावलं, मुलांना शिकवलं. तो आक्काला म्हणाला, बाबांच्या किल्ल्या आठवतात का तुला? आक्का म्हणाली, आठवतात की. मग तिचा हात थांबला. तिने सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं, किंवा तो तिथे असूनही त्याने पाहिलं नव्हतं. एकदा कुलूप उघडायला फार वेळ लागला होता, ही दोघं पलंगाखाली जाऊन पडली होती, आणि बराच वेळ झाला तरी बाहेरून काहीच आवाज येईना, म्हणून तिने चादरीची कड उचलून बघितलं. वडील टेबलाशी एकटेच बसले होते. बूटसुद्धा काढले नव्हते. उजवा हात डाव्या हाताने चोळत होते, नुसते चोळत होते. प्यायलेले नव्हते. त्या दिवशी छापखान्यात त्यांच्या हातावर काहीतरी पडलं होतं, हे आईला दुसऱ्या दिवशी कळलं. "मला बाहेर जावंसं वाटलं होतं," आक्का म्हणाली, "पण तू माझा फ्रॉक घट्ट धरला होतास." एवढं सांगून ती भाजी धुवायला उठली. नळ सोडला. तो त्या पाण्याकडे बघत राहिला आणि त्याला कसलीही गोष्ट सुचली नाही.

दोन दिवसांनी थोरली आपला हेडफोन परत करायला केंद्रात आली. कुणी मागितला नव्हता. प्रमुख बाई बैठकीत होत्या म्हणून ती उपाहारगृहात, भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुपारची वेळ होती, टेबलं पुसून झाली होती, फिनेलचा वास येत होता. तो दोन चहा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसला. तिने मुलांची परीक्षा चालू असल्याचं सांगितलं, त्याने धाकटा कितवीत ते विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण ती रडून आलेली दिसत नव्हती. उभं राहून राहून पाय भरून आलेलं माणूस बसतं तशी बसली होती. थोड्या वेळाने ती आपणहूनच बोलू लागली. तिचे वडील प्यायचे. आई अशीच हसायची, शेजारच्या बायकांनी विचारलं की. त्या बाईने फोनवर ते हसणं हसलं आणि थोरलीला सगळं घर दिसलं, चटई दिसली, आईचे पाय दिसले. स्क्रीनवरचं वाचलं तेव्हा तिच्या मनात आलं, याला काय कळणार. हे अगदी त्याच शब्दांत आलं.

"सर, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं आणि येतानाच्या रस्त्यात त्याने उत्तर बेतलंही होतं. मऊ होतं ते, धीर देणारं होतं, आणि 'मी समजू शकते' याच घराण्यातलं होतं. ते ओठांवर आलं तसं त्याने गिळलं. चहाचा पेला उगाचच फिरवला.

"दारू म्हणालो असतो," तो म्हणाला. "तुमच्याही आधी. तुम्ही निदान प्रश्न तरी विचारलेत. मी त्या माणसाचा आवाज ऐकताक्षणी ठरवून मोकळा झालो असतो. आणि वर स्वतःवर खूश झालो असतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला हलकं वाटेल असं त्याला कुठेतरी वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. "मग आम्हाला काय शिकवलंत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तो अजून सर होता.

त्याने सांगितलं की यंत्रावर संशय घ्यायला शिकवलं. स्वतःवर घ्यायला शिकवायचं राहिलं, कारण ते त्याला स्वतःला येत नाही. मग त्याने तिला कपाबद्दल सांगितलं. न सांगता आलं असतं. सांगावं की नाही हे तो त्या क्षणापर्यंत ठरवत होता. तिने ऐकलं. चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त तिने आपला पेला टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीत घेतले. मग ती म्हणाली की मला ते ऐकायचंय. एकटीने नको. वर्गात.

प्रमुख बाईंना त्याने तोंडीच सांगितलं, की दोन्ही चुकलं, शिकवलेलं जास्त. तास बंद केलात तर पुढच्या खेपेला यंत्र चुकेल आणि ते ओळखणारं कुणी नसेल. तास आहे तसाच चालू ठेवलात तर आणखी थोरल्या तयार होतील. मग करू काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की मला अजून नीट कळलेलं नाही. बाईंना ते उत्तर आवडलं नाही. पण त्यांच्याकडेही दुसरं नव्हतं. शेवटी असं ठरलं की थोरलीने पहिल्यापासून प्रशिक्षण घ्यायचं, पगार शिकाऊचाच. तास राहील, पण अर्धा, आणि तो कसा होतो ते बघायला मागे कुणीतरी बसेल. फोन वर्गात ऐकवायला त्या माणसाच्या बायकोकडून परवानगी घ्यायची होती. ती आणायला प्रमुख बाई स्वतः गेल्या. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की तिने काही न विचारता हो म्हटलं, आणि नवरा खिडकीशी बसला होता.

नवी तुकडी लहान होती. थोरली शेवटच्या बाकावर बसली. ती कोण हे मुलांना माहीत नव्हतं. नळाची गोष्ट त्याने सांगितली नाही, त्या गोष्टीशिवाय सुरुवात कशी करायची ते न सुचल्यामुळे तो थोडा वेळ नुसताच उभा राहिला, आणि मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग त्याने फोन ऐकवला. नावं काढलेली होती. स्क्रीनवर यंत्राने काय लिहिलं ते अर्ध्या वर्गाला आधी दाखवलं, अर्ध्याला नाही. संपल्यावर त्याने एकेकाला विचारलं. ज्यांनी स्क्रीन पाहिली नव्हती ते सगळे म्हणाले दारू. ज्यांनी पाहिली होती ते म्हणाले पक्षाघात. कशावरून, असं त्याने त्यांना विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, लिहिलंय ना तिथे. वर्ग हसला. तो हसला नाही. दारू म्हणणाऱ्या मुलीलाही त्याने तेच विचारलं, कशावरून. ती म्हणाली, कळतंच ना सर ऐकून. त्याने विचारलं, हे तुम्ही ऐकलंत, की तुम्हाला आठवलं? तिला प्रश्न समजला नाही. तो पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारायला गेला आणि मध्येच थांबला, कारण त्यालाही तो पुरता समजला नव्हता. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं, बरोबर कोण ठरलं तेही सांगितलं. मग आवाज वाढवून त्याने कपाचं वाक्य ऐकवलं. आता कुणी हसलं नाही. लिहिलंय ना म्हणणारा मुलगा जरा ताठ होऊन बसला, जिंकल्यासारखा, आणि मग आपण काहीच केलेलं नाही हे लक्षात आल्यासारखा सैल झाला.

त्या दिवशीचं पुढचं सगळं त्याने तयार करून आणलं होतं. ते बोलायला त्याने तोंड उघडलं तेव्हा मागे थोरली उभी राहिली होती. तिने हात वर केला नव्हता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती टेबलावरच्या स्पीकरकडे बघत होती. ती काहीतरी सांगणार असं त्याला वाटलं, स्वतःबद्दल, आईबद्दल, आणि तिला सावरून घ्यायला म्हणून तो अर्धं पाऊल पुढे झालासुद्धा. मग तो जागीच थांबला आणि त्याने काही ओळखायचं नाही असं ठरवलं.

"ताई," थोरली म्हणाली, फोनवर बोलतात त्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून, "रोजच्यापेक्षा आज काही वेगळं वाटतंय का त्यांच्यात?"

प्रश्न साधा होता. तो त्याला सुचला नव्हता, यंत्राला सुचला नव्हता, इतके दिवस तो फोन ऐकणाऱ्या कुणालाच सुचला नव्हता. थोरली उभीच राहिली. वर्गातल्या माना एकेक करून स्पीकरकडे वळल्या. ध्वनिमुद्रण केव्हाच संपलं होतं, पण कुणी हललं नाही. सगळे उत्तराची वाट बघत राहिले, आणि तोही.